खवल्यांची पाकिटं

धरणाकाठच्या आमच्या मासे संशोधन केंद्रात मीठ माझ्या ताब्यात असतं. पोत्यांनी येतं, कोरड्या खोलीत फळ्यांवर रचून ठेवलेलं असतं आणि खोलीची किल्ली माझ्या कमरेला. सव्वीस वर्षं मी टाक्यांमध्ये मीठ कालवते आहे. समुद्रात असतं तेवढंच, चमचाभर कमी नाही की जास्त नाही. मग त्या पाण्यात तळ्यातला मासा सोडायचा आणि घड्याळ लावून बसायचं. साहेब लोक ह्याला चाचणी म्हणतात. मी मनातल्या मनात दुसरंच काही म्हणते, पण पगार चाचणीचा मिळतो.

पहिले काही तास माशाला काही होत नाही. मग त्याचे कल्ले जोरजोरात हलायला लागतात आणि तो टाकीच्या एका कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवा झालेला असतो. मी वेळ टिपते, मासा काढते, टाकी धुते. एवढ्या वर्षांत तळ्यातला एकही मासा तिसरा दिवस बघू शकलेला नाही.

ह्या माशाला आमच्याकडे चांदवा म्हणतात, आणि एके काळी ते नाव त्याला शोभत होतं. तो वरच्या डोंगरातल्या ओढ्यांमध्ये जन्मायचा, वीतभर होईपर्यंत तिथंच काळपट अंगानं दगडांआड राहायचा. मग एका वर्षी थंडी सरताना त्याच्या अंगावर चांदी चढायची. तेवढ्याच दिवसांत कल्ल्यांचं कामही उलटं व्हायचं. गोड्या पाण्यात जे कल्ले मीठ अंगात ओढून धरतात, तेच आता मीठ बाहेर फेकायला शिकायचे, आणि स्वारी नदीनं खाली समुद्राकडे निघायची. दोन-तीन वर्षं तिकडे खाऊन-पिऊन हातभर व्हायचा आणि अंडी घालायला परत आपल्याच ओढ्यात यायचा. नदीवर धरण झालं, त्यामागे तळं झालं आणि पुढे वाटही बंद झाली. आता तळ्यातला चांदवा नावापुरता चांदवा आहे. जन्मभर काळपट, जन्मभर वीतभर, आणि खाऱ्या पाण्याशी त्याची ओळख राहिलेली नाही.

ती वाट माझ्या बाबांनी बंद केली. म्हणजे हुकूम वरून आला होता, पण फळ्या खाली सोडल्या त्या बाबांच्या हातांनी.

धरण बांधलं तेव्हा माशांसाठी त्याच्या अंगाला एक शिडी ठेवली होती. शिडी म्हणजे एकाखाली एक असे सिमेंटचे चाळीस हौद. वरच्यातलं पाणी खालच्यात पडतं आणि मासे त्यातून उड्या घेत चढतात, नाहीतर घसरत उतरतात. बाबा त्या शिडीचे राखणदार. सगळे त्यांना शिडीवाला म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. शिडीच्या तोंडाशी मोजणीची पेटी होती. वर जाणारा असो की खाली जाणारा, मासा पेटीत थांबायचा. बाबा त्याला ओल्या हातानं उचलायचे, बोथट सुरीनं त्याच्या कुशीवरचा एक खवला काढायचे, खवला कागदी पाकिटात टाकायचे आणि पाकिटावर तारीख, माशाची लांबी आणि दिशा लिहायचे. दिशा दोनच, 'वर' किंवा 'खाली'. झाडाच्या खोडात असतात तशी खवल्याला वलयं असतात. त्यावरून माशाचं वय कळतं, तो समुद्रात किती वर्षं होता हेही कळतं. एक मासा, एक खवला, एक पाकीट, असा शिडीचा नियम होता.

सहा वर्षं शिडी चालली. मग खालचे चार हौद तडकले आणि मुख्य कचेरीतून पत्र आलं: दुरुस्तीसाठी एका हंगामापुरती शिडी बंद ठेवावी. बाबा तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. त्यांनी तोंडाशी फळ्या सोडल्या, पाणी तोडलं आणि पत्र नीट घडी घालून ठेवलं. पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. मी आणि ती एका हंगामाची बंदी अशा दोघी जवळजवळ बरोबरीनं वाढलो. मी छप्पन्न वर्षांची झाले तेव्हाही शिडी बंदच होती.

पहिल्याच वर्षी, थंडी सरताना, चांदी चढलेले मासे फळ्यांपाशी येऊन थडकले. शेकड्यांनी. बाबा सांगायचे, लाकडावर तोंडं घासून घासून त्यांची नाकं सोलली होती. बाबांची बदली तोवर धरणाच्या दरवाज्यांना वंगण लावण्याच्या कामावर झाली होती, त्यांचा माशांशी कागदोपत्री काही संबंध उरला नव्हता. पण त्यांना बघवेना. त्यांनी दोन बादल्या घेतल्या, हातजाळ्यानं मासे भरले आणि धरणाच्या कडेच्या जिन्यानं खाली उतरले. दोनशे बारा पायऱ्या. खालच्या नदीत मासे सोडले आणि परत वर आले. कामावर जायच्या आधी रोज सकाळी चार-पाच खेपा, जोवर फळ्यांपाशी मासे दिसत तोवर. असं एकतीस वर्षं. आई म्हणायची, ह्या माणसानं चार हजार माशांना समुद्र दाखवला आणि मला एकदाही नेलं नाही. ती हसून म्हणायची, पण म्हणायची.

नियम त्यांनी मोडला नाही. बादलीत टाकण्याआधी प्रत्येक माशाचा एक खवला पाकिटात. दिशा मात्र आता एकच होती. पाकिटावर पाकीट, 'खाली', 'खाली', 'खाली'. बुटांच्या खोक्यांमध्ये ती रचलेली असायची, खोकी पलंगाखाली, आणि लहानपणी माझा चेंडू पलंगाखाली गेला की घरात पहिला ओरडा खोक्यांसाठी बसायचा.

हे मासे परत येतील तेव्हा काय, असं त्यांना कोणी विचारलंच तर ते पत्र दाखवायचे. एका हंगामापुरती, असं लिहिलंय ना. मासे दोन-तीन वर्षांनी परतणार, तोवर शिडी उघडेल. दर वर्षी ते कचेरीला अर्ज करत आणि दर वर्षी त्यांना खात्री असे. मासे परतण्याच्या दिवसांत भिंतीखालचा भाग कुंपण घालून बंद असायचा. वीजघराचं पाणी तिथं धबाधबा पडायचं आणि कोणालाच आत सोडत नसत. त्यामुळे खाली काय होतं ते बाबांनी कधी पाहिलं नाही.

वर्षागणिक फळ्यांपाशी येणारे मासे कमी होत गेले. पहिल्या वर्षी तीनशेच्या वर, विसाव्या वर्षी चाळीस, शेवटच्या वर्षी दोन. बाबांच्या गुडघ्यांनीही त्याच सुमाराला राम म्हटला. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट समाधानानं म्हणाले, ज्यांना जायचं होतं ते सगळे मी पोचवले. हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं ऐकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक शास्त्रज्ञ बाई आल्या. वयानं माझ्या मुलीसारख्या, हुशारी विचारू नका, आणि दर तिसऱ्या वाक्यात जनुक. म्हणून आम्ही त्यांचं नाव जनुकबाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या हसल्या आणि दाराच्या पाटीवरही तेच लिहून घेऊ म्हणाल्या. मला त्या ताई म्हणत. तळ्यात कोंडलेला मासा पिढ्यान्‌पिढ्या कसा बदलत जातो हा त्यांचा विषय. एकदा त्या हळहळत म्हणाल्या, जुने नमुने असते तर काय बहार आली असती, धरणाच्या पहिल्या दिवसांतला साधा एक खवला मिळाला तरी पुरे होतं.

मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन पलंगाखाली शिरले.

मी हे का केलं ते सरळ सांगते. मला बाबांचं नाव व्हायला हवं होतं. एवढं आयुष्य बादल्या वाहण्यात गेलं आणि केंद्रातल्या निम्म्या लोकांना ते शिडीवाले होते हेही माहीत नव्हतं. एखाद्या मोठ्या लेखाखाली त्यांचं नाव छापून यावं, मी ते चौकटीत घालून भिंतीवर लावावं, एवढाच स्वार्थ होता. बाबा हरखून गेले. खोकी गाडीत चढवताना स्वतः उभे राहून प्रत्येकाला बजावत होते, तिरपी धरू नका. आणि जनुकबाईंनी पहिलं पाकीट उघडून आतला तो नखाएवढा खवला उजेडात धरला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं.

आठ महिन्यांनी त्या दुपारच्या वेळी टाक्यांच्या खोलीत आल्या. मी नळी धुत होते. हवेचे पंप चालू होते, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्यावर दोन रेघा होत्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. चांदव्याच्या अंगात एक जागा अशी आहे, की तिथं जनुक एका तऱ्हेचा असला तर मासा चांदी चढवून निघतो आणि दुसऱ्या तऱ्हेचा असला तर राहतो. शिडी चालू होती त्या वर्षांच्या पाकिटांमध्ये जाणारे जनुक भरपूर होते. आज तळ्यातले सहाशे मासे तपासले, त्यात जाणारा एकही नाही. सगळेच्या सगळे राहणारे. आणि बादलीतून गेलेल्या माशांची पाकिटं उघडली, तर ते जवळजवळ सगळे जाणारे.

मी म्हटलं, हे तर उघडच आहे, जायचं होतं म्हणूनच ते फळ्यांपाशी आले होते.

"तेच तर, ताई," त्या म्हणाल्या. "कोंडले असते तरी ते मेले नसते. थोडे दिवस फळ्यांपाशी थांबून तळ्यात परत गेले असते, ओढ्यात जाऊन अंडी घातली असती. जाणारा जनुक तळ्यात राहिला असता. इथं दर वर्षी नेमके तेच वेचून काढले गेले."

त्यांनी पुढचंही सांगितलं. शेजारच्या खोऱ्यात असंच धरण आमच्या धरणाच्याच वर्षी झालं होतं, त्याला तर शिडीच नव्हती. तिथल्या तळ्यातही बदल झाला, पण हळूहळू; कागदावरची दुसरी रेघ त्याच तळ्याची होती. आजही तिथं दहातल्या चार माशांवर थंडी सरताना चांदी चढते, आणि ते माझ्या मिठाच्या पाण्यात जगतात. सहाव्या टाकीत गेल्या वर्षी पंधरा दिवस जिवंत राहिलेले मासे तिथलेच होते, मला फक्त क्रमांक माहीत होता.

मी विचारलं, आणि समुद्रात गेलेले?

जनुकबाईंनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, परत आले असणार. भिंतीखाली वीजघराच्या पाण्यात हातभर मोठे मासे दिवसेंदिवस धडका देत मरायचे, असं जुने कामगार सांगत, ते मीही ऐकलं होतं. ते आमचेच मासे असतील असं मला कधी सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचू दिलं नव्हतं.

मी त्यांच्यावर उखडले. चार बुकंही न शिकलेल्या माणसाची मेहनत तुम्ही यंत्रात घालून तिचं मातेरं केलंत, असं काहीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी मिठाच्या खोलीत जाऊन पोती मोजली, जी मोजायची गरज नव्हती. बाहेर आले तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या. लेखात नाव घालणार नाही, त्या म्हणाल्या, फक्त 'एका कर्मचाऱ्यानं जपलेले नमुने' एवढंच. नाव यावं म्हणून मी खोकी दिली होती. आता नाव येऊ नये म्हणून मी त्यांचे आभार मानले.

घरी मी बाबांना सांगितलं की काम चालू आहे, शास्त्राला वेळ लागतो.

आणि ह्या वर्षी शिडी उघडली. सत्तावन्न वर्षांनी. नव्या सिमेंटचे हौद, नवी पेटी, तळाला पांढरी फरशी, म्हणजे वरून जाणारा मासा सावलीसारखा स्पष्ट दिसावा. खवले काढायची पद्धत आता नव्हती, डोळ्यांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. चाळीस दिवस मोजणी ठरली आणि तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. चाळीस दिवसांत एकही मासा आपणहून खाली गेला नाही, तर तळ्याच्या माशांनी समुद्र सोडला असं धरून येत्या थंडीत शेजारच्या तळ्यातल्या चांदी चढणाऱ्या माशांची अंडी आमच्या ओढ्यांमध्ये सोडायची. एक जरी गेला, तर तळ्यात अजून धुगधुगी आहे असं समजून पाच वर्षं थांबायचं, बाहेरचं काही आणायचं नाही. मला हे सगळं पाठ होतं. आणि एकही जाणार नाही हेही माहीत होतं.

साहेबांनी बाबांना मानाचे मोजणीदार केलं. शहाऐंशी वर्षांचा माणूस, पायांना सूज, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हृदयाबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात पुढच्या वर्षाचा विषय नव्हता. पण रोज सकाळी बाबा दाढी करून तयार असत. मी त्यांना धरून शिडीच्या तोंडाशी नेई, खुर्चीत बसवी, पायांवर घोंगडं टाकी. पांढऱ्या फरशीवर सावली हलली तर तेवढं त्यांना दिसत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "एक जाताना बघितला की झालं. ह्याच जागेवर मी फळी सोडली होती. तिच्यावरून एक जाऊ दे."

पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, पाणी अजून गार आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, आभाळ भरलंय, उजेड पडला की येतील. तिसऱ्या आठवड्यात नव्या सिमेंटचा वास दोषी ठरला. चौथ्या आठवड्यात त्यांनी कारण दिलं नाही. वहीत मी रोज शून्य लिहीत होते. जनुकबाई मधूनमधून येत, बाबांना चहा देत, आणि माझ्याकडे न बघता निघून जात.

अडतिसाव्या दिवशी सकाळी बाबांना जिन्यापाशी धाप लागली. पाच मिनिटं ते कठड्याला धरून उभे राहिले, ओठ निळसर झाले होते. घरी चला म्हटलं तर म्हणाले, दोनच दिवस राहिले, आज येईल. त्यांना खुर्चीत बसवून मी केंद्रात गेले ते ठरवूनच.

चौथ्या टाकीतून मी त्यातल्या त्यात उजळ रंगाचा एक मासा काढला आणि बादलीत टाकला. आमच्या आयुष्यात बादलीनं काय केलं ते मला माहीत होतं. हा एक मासा वहीत चढला तर पाच वर्षं अंडी येणार नाहीत, हेही माहीत होतं. सव्वीस वर्षं चमचाभर मीठ इकडचं तिकडे होऊ न देणारी मी, बादली घेऊन भराभर चालत होते. वही नंतर दुरुस्त करीन, असं स्वतःला सांगत होते. बाबांनी चहाचा पेला तोंडाला लावला तेव्हा मी त्यांच्या मागच्या अंगाला पाण्यात बादली उपडी केली.

फरशीवर सावली आली, थांबली आणि पेटीत शिरली.

बाबांनी पेला खाली ठेवला. त्यांचं तोंड मी विसरणार नाही. आनंद म्हणावा तर तसं नाही. फार दिवस दुखणारं काही एकदम थांबलं की माणसाचं तोंड जसं सैल पडतं, तसं झालं होतं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, पेटीची खिटी पाडली आणि बाही वर सारली.

मी पुढे धावले. म्हटलं, बाबा, राहू द्या, आता खवला काढायचा नसतो, नियम बदललाय.

"त्यांचा बदलला असेल," ते म्हणाले आणि हात पाण्यात घातला.

एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांना फसवायला निघाले होते आणि त्यांचा हात विसरले होते. त्यांनी मासा तळव्यावर घेतला आणि वर्षांनुवर्षांच्या सवयीनं अंगठा त्याच्या पाठीवरून शेपटीकडे नेला. शेपटीच्या अलीकडे चांदव्याला एक छोटा, मऊ पर असतो, पंखासारखा. केंद्रातल्या प्रत्येक माशाचा तो पर आम्ही कापतो, तपासणीसाठी तोच तुकडा लागतो. कापणारी मीच. बाबांचा अंगठा तिथं जाऊन थांबला. मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा थांबला. मग त्यांनी मासा पाण्याखाली धरला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"हा तुझ्याकडचा आहे," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"का आणलास?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या दोन रेघांचं, पाकिटांचं, सहाशे माशांचं, शेजारच्या तळ्याचं. थोडं सांगून थोडं लपवावं असं मनात होतं, पण ते मधेच नेमकं तेच विचारायचे जे मी गाळलं होतं. परत आलेल्यांचं काय झालं, तेही विचारलं. सांगताना मला स्वतःचाच राग येत होता, जनुकबाईंचा येत होता, त्या पत्र लिहिणाऱ्या कोणा कारकुनाचा येत होता. बाबा मात्र पेटीतल्या माशाकडे बघत ऐकत होते.

"त्या शेजारच्या तळ्यावर," त्यांनी शेवटी विचारलं, "बादल्या घेऊन कोणी जात नव्हतं?"

"नाही."

"नशीब त्यांचं."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं त्यात. तुम्ही चांगल्या मनानं केलंत. त्यांना ते आवडलं नाही. माझ्यावर ते क्वचितच चिडले असतील, पण त्या वेळी चिडले.

"माहीत नसणाऱ्याला तिथं बसवला नव्हता," ते म्हणाले. "शिडीवाला मी होतो. परत येतात हे मला कोणी सांगायला नको होतं."

थोड्या वेळानं त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, सुरुवातीला खरंच वाटायचं, हे परत येईपर्यंत उघडतील. आठ-दहा वर्षं वाटलं. मग एका वर्षी वाटायचं थांबलं. त्या वर्षी ते बादल्या घेऊन फळ्यांपाशी तासभर बसून राहिले होते. पण थांबायचं म्हणजे आधी नेलेले सगळे मरायलाच नेले होते असं कबूल करायचं. त्यांच्याच्यानं ते झालं नाही. त्यांनी बादली भरली. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात ती रीत नाही. मी घोंगडं सारखं केलं.

मग बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. कोरं होतं, पण अडतीस दिवस खिशात राहून कडा मऊ पडल्या होत्या. खाली जाणाऱ्या त्या एका माशासाठी ते रोज बरोबर आणत होते आणि मला पत्ता नव्हता. सुरीही होती, रुमालात गुंडाळलेली. त्यांनी मला मासा धरायला लावला आणि कुशीवरचा एक खवला अलगद काढून पाकिटात टाकला. खवला पहिल्याच खेपेला निघाला. लिहायला मात्र त्यांना जमेना, म्हणून मी पेन घेतलं. तारीख लिहिली. लांबी त्यांनी बोटांनी मोजून सांगितली, वीत आणि चार बोटं.

"दिशा?" मी विचारलं.

त्यांनी पेटीची तळ्याकडची झडप स्वतः उघडली. मासा जरा वेळ तिथंच रेंगाळला, मग वळला आणि तळ्याच्या काळ्या पाण्यात सावकाश निघून गेला. त्याला कसलीच घाई नव्हती.

"वर," बाबा म्हणाले. "आणि वहीत शून्य. नीट लिही. त्यांना अंडी आणायची आहेत."

उरलेले दोन दिवसही ते येऊन बसले. मोजणी अर्धवट सोडायची नसते, म्हणाले. त्या दोन दिवसांची शून्यं त्यांनी माझा हात धरून स्वतःच काढली.

थंडी पडली तेव्हा अंडी आली. ओल्या शेवाळाच्या तबकांमध्ये, बारा हजार, नारिंगी, मोहरीपेक्षा थोडी मोठी. जनुकबाईंनी आणि मी ती वरच्या ओढ्यांमध्ये वाळूखाली ठेवली. बाबा त्याच्या सहा आठवडे आधी गेले. त्यांतली पिल्लं चांदी चढवून शिडीपाशी येतील तोवर मी निवृत्त झालेली असेन. ती परत येतील तेव्हा शिडी उघडी असावी, एवढ्यासाठी मी आत्तापासून कचेरीला पत्रं लिहिते आहे आणि आलेलं प्रत्येक उत्तर दोनदा वाचते आहे.

खोकी मी परत घरी आणली आहेत. शेवटच्या खोक्यात, एकतीस वर्षांच्या 'खाली'च्या मागे ते एक पाकीट उभं आहे. त्यावर 'वर' लिहिलं आहे, आणि अक्षर माझं आहे.